ईदीच्या पैशांतली बंदूक: खेळणं कुठे संपतं, कायदा कुठे सुरू होतो?

ईदची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गात दोन गोष्टी हमखास दिसतात. मुलींच्या हातांवरची मेहंदी आणि मुलांच्या दप्तरांतून सांडलेले प्लास्टिकचे गोल छर्रे. झाडूवाल्या मावशी दरवर्षी मूठभर छर्रे गोळा करून आमच्या टेबलावर आणून ठेवतात. ईदीचे पैसे, मोहल्ल्यातला ईदचा बाजार आणि 'ठो ठो' करणारी बंदूक, हे समीकरण आमच्या लहानपणापासूनचं आहे. आम्हीही ती घेतलेली आहे, त्यामुळे फार साळसूद बनण्यात अर्थ नाही.

मात्र गेल्या ईदनंतर सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरातून जे निघालं, ते बाजारातलं तीस-चाळीस रुपयांचं खेळणं नव्हतं. काळं, वजनदार पिस्तूल. मॅगझिन काढता-घालता येणारं. हातात घेतल्यावर आम्हीही क्षणभर थबकलो. मधल्या सुट्टीत त्यातून सुटलेला छर्रा दुसऱ्या मुलाच्या भुवईखाली लागला होता. लाल वळ उठला, डोळा वाचला. बोटभर अंतराचा फरक.

वडिलांना बोलावून घेतलं. भला माणूस, रिक्षा चालवतो. ते म्हणाले, "सर, खिलौनाच है ना. मोठ्या भावानं ऑनलाइन मागवलं. घरपोच येतं, म्हणजे कायदेशीरच असणार की!"

त्या "असणार की"चं उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही कायदा वाचला, वकिली करणाऱ्या एका मित्राकडून समजून घेतला. जे समजलं ते आपल्या घराघरांत पोहोचायला हवं असं वाटलं, म्हणून हा लेख.

एअरसॉफ्ट म्हणजे काय?

हवेच्या बंदुकांचे ढोबळ दोन प्रकार धरू. एक आपल्याला जुना ओळखीचा: एअरगन किंवा एअर रायफल. जत्रेत फुगे फोडायला असते ती. तिच्यात शिशाची किंवा धातूची ४.५ मिलिमीटरची गोळी असते. दुसरा प्रकार एअरसॉफ्ट. तिच्यात ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोल छर्रा असतो आणि ती स्प्रिंगवर, बॅटरीवर किंवा गॅसवर चालते. हा प्रकार १९७०च्या दशकात जपानमध्ये वाढला. तिथे खरी बंदूक सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नाही, म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या पण सौम्य बंदुका तयार झाल्या. आज अनेक देशांत एअरसॉफ्ट हा मैदानावर संघ करून, चेहऱ्यावर संरक्षक मास्क लावून खेळायचा खेळ आहे.

बंदुकीची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. हे गणित आम्ही आठवी-नववीत शिकवतो: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा होते १ ज्यूल. ऑलिंपिकमध्ये १० मीटरवर वापरतात ती एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते. एक ज्यूल ऐकायला किरकोळ वाटतो. जाड सदऱ्यावर तो किरकोळच असतो. उघड्या डोळ्यावर मात्र तेवढा पुरेसा आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साकळू शकतं, पडदा सरकू शकतो, नजर कायमची जाऊ शकते.

कायदा बंदूक कशाला म्हणतो?

आपल्याकडचा मूळ कायदा आहे शस्त्र अधिनियम, १९५९. त्यातल्या कलम २ मधल्या दोन व्याख्या नीट समजून घेतल्या तर अर्धं कोडं सुटतं.

पहिली व्याख्या अग्निशस्त्राची. आपल्याला वाटतं, दारूगोळा असेल तरच ते अग्निशस्त्र. कायदा तसं म्हणत नाही. स्फोटकाच्या 'किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या' जोरावर गोळी फेकणारं शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे दाबलेली हवा आली, गॅस आला, स्प्रिंगही आली. "यात बारूद नाही" हा बचाव इथेच गळून पडतो.

दुसरी व्याख्या शस्त्राची. तिच्यात एक सूट आहे. जी वस्तू खेळण्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरता येणार नाही आणि जिचं वापरण्याजोग्या हत्यारात रूपांतरही करता येणार नाही, ती शस्त्र धरली जात नाही. इथे नुसतं 'खेळणं' असं लिहून कायदा थांबलेला नाही. डब्यावर 'टॉय' छापलंय की नाही याला महत्त्व नाही. ती वस्तू काय करू शकते, याला महत्त्व आहे. ईदच्या बाजारातली पिचकी प्लास्टिकची बंदूक या सुटीत आरामात बसते. धातूची नळी, गॅसची डबी आणि जोरदार स्प्रिंग असलेली वस्तू बसेलच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

परवाना लागणारं अग्निशस्त्र विनापरवाना जवळ ठेवणं हा कलम ३ चा भंग आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. अशा शस्त्रासाठी वयाची अट २१ वर्षं पूर्ण ही आहे. म्हणजे मतदानाचा हक्क मिळालेल्या मुलालाही हा परवाना मिळत नाही.

साडेचार आणि सहा मिलिमीटरचा घोळ

मग एअरगन दुकानात उघडपणे कशी विकली जाते? कारण कमी ताकदीच्या एअरगनला परवान्यातून सवलत आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार मर्यादा दोन आहेत: नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीतून बाहेर पडताना गोळीची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. यातली कोणतीही मर्यादा ओलांडली की एअरगन परवान्याच्या कक्षेत जाते.

आता एअरसॉफ्ट या मापाने मोजून पाहा. ऊर्जा एक-दोन ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. व्यास मात्र ६ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या बाहेर! कारण उघड आहे. ही मापं शिशाची गोळी मारणाऱ्या एअरगनला डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहेत, प्लास्टिकचा छर्रा मारणाऱ्या एअरसॉफ्टला नव्हे. त्यामुळे एअरसॉफ्टला परवान्याच्या भानगडीतून वाचवते ती ही सवलत नसून वर सांगितलेली खेळण्याची सूट. आणि ती सूट त्या त्या वस्तूकडे पाहून ठरते.

आपल्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. उद्या पोलिसांनी ती वस्तू ताब्यात घेतली तर "हे खेळणं आहे" हे जागेवर ठरणार नाही. पंचनामा होईल, वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाईल, अहवाल येईल. अहवाल आपल्या बाजूने येईलही. पण तोवरचे दिवस, वकिलाची फी, पोलीस ठाण्याच्या खेपा आणि मोहल्ल्यातली कुजबूज कोणी परत करत नाही.

ऑनलाइन विक्रीचंही तसंच. घरपोच आली म्हणून वस्तू कायदेशीर ठरत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ज्या मानकावर ही सक्ती उभी आहे, ते दाबलेल्या हवेवर किंवा गॅसवर चालणाऱ्या बंदुकांना खेळण्यांत धरतच नाही. म्हणून खरेदी करताना आधी डबा उलटून पाहा. आयएसआय चिन्ह नाही, वर 'गॅस'चा उल्लेख आहे, वयाच्या रकान्यात १८ लिहिलंय, तर तिथेच थांबा.

आखातातून किंवा परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या आपल्या माणसांनीही हे लक्षात ठेवावं. पुतण्यासाठी, भाच्यासाठी हौसेने बॅगेत टाकलेली हुबेहूब बंदूक कस्टममध्ये अडकू शकते, कारण शस्त्रांच्या आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. आणि खेळण्यातली का असेना, बंदुकीसारखी दिसणारी वस्तू विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही. मुलाच्या खांद्यावरची छोटी बॅग घरून निघतानाच एकदा तपासून घ्या.

'जरा जोर वाढवून देतो'

सगळ्यात धोक्याची गोष्ट इथे आहे आणि ती मोठ्या मुलांच्या हातून होते. यूट्यूबवर पाहून स्प्रिंग बदलायची, नळी बदलायची, प्लास्टिकऐवजी धातूचे छर्रे घालायचे. "जरा जोर वाढवून देतो" म्हणणारा एखादा उस्ताद प्रत्येक गल्लीत असतो.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ मध्ये 'नकली अग्निशस्त्र' असा शब्द आहे. जे बंदुकीसारखं दिसतं ते सगळं त्यात येतं, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो. अशा नकली शस्त्राचं विनापरवाना खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. प्रत्येक स्प्रिंगबदल या कलमात बसतो असं आम्ही म्हणत नाही. पण खेळणं आणि अग्निशस्त्र यांच्यामधली रेघ किती पुसट आहे आणि तिच्या पलीकडची शिक्षा किती जबर आहे, हे घरातल्या तरुण मुलांना एकदा समोर बसवून सांगायला हवं.

वस्तू निर्दोष, वापर गुन्हा

समजा बंदूक सर्वार्थाने खेळणंच आहे. तरी तिच्या वापरावर कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, आशय बराचसा तोच राहिला.

कोणाला इजा झाली तर: निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं हा कलम १२५ खाली गुन्हा आहे. साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही कलम ११६ नुसार गंभीर दुखापत आहे. आमच्या शाळेतल्या त्या मुलाच्या भुवईखालचा वळ म्हणूनच आम्हाला रात्री आठवत राहिला.

कोणाला धमकावलं तर: समोरच्याला ती बंदूक खरी वाटली आणि तो घाबरला, तर "नकली होती" हे सांगून सुटका नाही. गुन्हेगारी धाकदपटशाचं कलम ३५१ भीतीशी निगडित आहे. धाक दाखवून कोणाचा मोबाईल किंवा पाकीट काढून घेतलं तर ती जबरी चोरी, कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. 'नकली पिस्तूल दाखवून लुटलं' ही बातमी आपण पेपरात अधूनमधून वाचतोच. तिथे पिस्तूल नकली असतं, गुन्हा खरा असतो.

मनाई आदेश असेल तर: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात पोलीस आदेश काढतात. बंदुका, तलवारी, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला त्यात बंदी असते. आदेशाची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, आपण ती वाचत नाही. मुलं मात्र नेमक्या त्याच दिवसांत नवी खेळणी घेऊन रस्त्यावर असतात.

पक्ष्यांवर झाडली तर: गावाकडे सुट्टीत गेलेल्या मुलांना झाडावरचा पोपट दिसतो आणि हात शिवशिवतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकार म्हणजे फक्त मारणं नाही; जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांना साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एअरगनने पक्षी मारण्याची सवय किती खोल असते, हे अरुणाचल प्रदेशाने पाहिलं. तिथे मार्च २०२१ मध्ये एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि वर्षभरात दीड हजारांहून अधिक एअरगन लोकांनी आपणहून सरकारजमा केल्या. कोणावर खटला न भरता, समजावून सांगून हे झालं. आम्हा शिक्षकांना यातून बरंच शिकण्यासारखं आहे.

मूल अल्पवयीन असेल तर

"लहान आहे, त्याला काय होणार?" हा प्रश्नही आम्ही ऐकतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात मुलाला आपल्या कृत्याची समज होती का, ते पाहिलं जातं. पुढे अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मामला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली बाल न्याय मंडळासमोर जातो.

या कायद्यात मुलाचे काही हक्क आहेत आणि ते प्रत्येक पालकाला पाठ असावेत. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळासमोर हजर करावं लागतं. त्याचं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करता येत नाही. हे मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपनेही लक्षात ठेवावं. दुसरीकडे, मंडळ पालकांना दंड भरायला सांगू शकतं. म्हणजे बंदूक मुलाची, जबाबदारी आपली.

बारा वर्षांचा मुलगा आणि दोन सेकंद

आता जरा दूरची गोष्ट, पण याच विषयातली. २२ नोव्हेंबर २०१४, अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. टमिर राइस नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने अशा बंदुकीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण असावी लागते, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं की ही खरी नाही. टमिरच्या पिस्तुलाचं नारिंगी टोक नव्हतं.

कोणीतरी पोलिसांना फोन केला. फोन करणारा म्हणाला होता की बंदूक बहुधा खोटी आहे आणि ती हातात असलेला बहुधा लहान मुलगा आहे. ही दोन वाक्यं गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाहीत. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी टमिर मरण पावला. पुढे ज्युरीने पोलिसांवर खटला भरायला नकार दिला. शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर भरपाई मान्य केली. पैशाचा आकडा कितीही मोठा असो, तो बापाच्या खांद्यावरचं ओझं हलकं करत नाही.

आपले पोलीस वेगळे, आपली परिस्थिती वेगळी. अमेरिकेसारखी इथे पदोपदी गोळी चालत नाही. तरीही एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. समोरच्याला ज्यूल दिसत नाहीत, कलम २ ची सूट दिसत नाही. त्याला एक काळं पिस्तूल दिसतं आणि ते ज्याच्या हातात आहे तो माणूस दिसतो. त्या माणसाबद्दल पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून काय भरलंय, त्यावर पुढचं ठरतं. टमिरच्या बाबतीत त्याचा रंग आड आला का, यावर अमेरिकेत अजून वाद चालतो. आपल्या मुलांबाबत असा प्रश्न कधी कोणाला विचारावाच लागू नये, एवढं आपल्या हातात आहे.

रील आणि संशय

म्हणून रीलबद्दल थोडं स्पष्ट बोलू. काळा गॉगल, मागे 'भाई'चं गाणं, हातात पिस्तूल. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. करणाऱ्याला ती गंमत वाटते. पाहणाऱ्याला बंदूक खरी की खोटी हे पडद्यावर कळायचा काहीच मार्ग नसतो. पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यात नाव आपल्या मुलाचं असेल तर तोच व्हिडिओ भलत्याच मथळ्याखाली गावभर फिरायला वेळ लागत नाही. चौकशीत बंदूक प्लास्टिकची निघते, मूल घरी येतं. पण पासपोर्टच्या पडताळणीत, नोकरीच्या चौकशीत, शेजाऱ्यांच्या नजरेत ती गोष्ट कुठेतरी शिल्लक राहते.

हा अन्याय आहे, असं कोणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही. संशयाच्या नजरा बदलाव्यात म्हणून बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे आणि आम्ही ते करतोच. पण नजरा बदलेपर्यंत आपल्या मुलाच्या हातात काय द्यायचं, हा निर्णय आपला आहे. आणि तसंही, थट्टेत का होईना, आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये ही हदीसची शिकवण आपण मुलांना मकतबमध्ये देतोच. तीच दुकानात खेळणं निवडताना आठवली तर बरं.

ब्रिटनने काय केलं?

बंदी घाला, विषय संपला, असं काहींना वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. ब्रिटनचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, त्यांच्या मुलांना हा नियम लागूच आहे.

२००६च्या कायद्याने तिथे हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांची विक्री आणि आयात रोखली. मात्र एअरसॉफ्ट हा खेळ म्हणून वाचवला. विमा उतरवलेल्या मैदानावर नियमित खेळणाऱ्यालाच तशी बंदूक विकत घेता येते. त्यासाठी खेळाडूंची नोंदवही असते. तिच्यात नाव येण्यासाठी किमान ५६ दिवसांच्या काळात तीन वेळा मैदानावर खेळलेलं असावं लागतं. बाकीच्यांसाठी बंदूक लाल, पिवळी, निळी, गुलाबी अशा भडक रंगाची किंवा पारदर्शकच हवी. अठरा वर्षांखालच्यांना नकली बंदूक विकत घेता येत नाही. २०१७च्या कायद्याने ताकदही ठरवून दिली: एकामागून एक आपोआप छर्रे सोडणारीला १.३ ज्यूल, एकेक छर्रा सोडणारीला २.५ ज्यूल. जपानने तर २००६ मध्येच ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी साधारण १ ज्यूलच्या किंचित खालची मर्यादा घातली.

या नियमांत प्रत्येकाला आपली जागा कळते. दुकानदाराला कळतं काय विकायचं, खेळाडूला कळतं कुठे खेळायचं, बापाला कळतं काय घ्यायचं नाही. आपल्याकडे ४.५ आणि ६ मिलिमीटरच्या मधल्या फटीत हे सगळे उभे आहेत. केंद्र सरकारने एअरसॉफ्टसाठी ऊर्जा, वय, रंग आणि मैदान यांचे चार ओळींचे स्पष्ट नियम केले, तर पोलिसांचंही काम सोपं होईल आणि पालकांचंही. ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे करायला हरकत नाही. यात कोणत्या एका समाजाचा प्रश्न नाही. जत्रा सगळ्यांची असते.

खरीच आवड असेल तर

काही मुलांना नेम धरण्याची खरीच आवड असते. ती दाबून टाकू नये. १० मीटर एअर रायफल हा ऑलिंपिक खेळ आहे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये त्याच प्रकारात विश्वविजेता झाला. मुंबईच्या अंजली भागवत, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी नेमबाजीत नाव काढलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं.

या खेळाची पहिली शिकवण असते शिस्तीची. बोट ट्रिगरवर कधी ठेवायचं, नळीचं तोंड कुठे ठेवायचं, 'थांबा' म्हटलं की हत्यार खाली ठेवायचं. मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मूल हे शिकलं तर आपोआप जबाबदार होतं. प्रशिक्षणापुरती वयाची सवलत शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ मध्येच ठेवलेली आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केली तर जवळच्या रेंजची माहिती मिळू शकते.

घरात करण्यासारखं

आमच्या शाळेत आम्ही पालकसभेत पाच गोष्टी सांगितल्या. त्याच इथे लिहितो.

एक, खरी वाटेल अशी काळी किंवा स्टीलच्या रंगाची बंदूक मुलाला घेऊन देऊ नका. घ्यायचीच असेल तर भडक रंगाची, आयएसआय चिन्हाची. नारिंगी टोक असेल तर ते कापू किंवा रंगवू नका.

दोन, छर्रा सुटणारी कोणतीही बंदूक असेल तर डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवाच. उन्हाचा गॉगल किंवा पोहण्याचा चष्मा त्यासाठी चालत नाही. चेहऱ्यावर नेम धरायचा नाही, हा नियम मोडला की बंदूक कपाटात.

तीन, शाळा, बस, रेल्वे, मशिदीचं आवार, मिरवणूक अशा ठिकाणी नेऊ देऊ नका. हातात नाही आणि दप्तरातही नाही.

चार, बंदुकीसोबत फोटो, रील नको. काढलेली असेल तर आज काढून टाका.

पाच, एअरगन घेतली असेल तर पावती जपा, तिच्यावर व्यास आणि ऊर्जा लिहून घ्या आणि ती कुलपात ठेवा. तिच्यात कोणताही बदल करायचा नाही.

डोळ्याला छर्रा लागलाच तर चोळू नका, घरगुती थेंब घालू नका. वरून काही तरी टणक, कपासारखं, हलकं झाकण धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्या. बाहेरून काही दिसत नसलं तरी न्या.

त्या रिक्षावाल्या वडिलांशी पुन्हा भेट झाली तेव्हा हे सगळं आम्ही त्यांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. नंतर म्हणाले, "सर, पाचशे रुपयांच्या वस्तूमागे एवढं असतं हे कोणी सांगितलंच नाही." मग त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हाला फार आवडली. मुलाला घेऊन ते ज्याच्या भुवईखाली छर्रा लागला होता त्या मुलाच्या घरी गेले आणि मुलाच्या तोंडून माफी मागून घेतली. ते पिस्तूल आमच्या कपाटात आहे. परत न्यायला कोणी आलेलं नाही.

पुढची ईद येईलच. बाजार भरेल, ईदी वाटली जाईल, मुलं हट्ट करतील. तेव्हा मुलाचा हात धरून जरा पुढच्या गाळ्यापर्यंत चला. तिथे क्रिकेटची बॅट असते, फुटबॉल असतो, कॅरमही मिळतो.